तोट्यातला वाटा

हुमेरा नाखवा हिला त्या सकाळी खोटं बोलायचं नव्हतं. तशी काही तयारी करून ती बैठकीला गेलीच नव्हती.

क्वालालंपूरच्या शिरकत बँकेत बाविसाव्या मजल्यावर शरिया मंडळ भरलं होतं. इस्लामी बँकेत कुठलाही नवा करार आधी या मंडळापुढे येतो. धर्मशास्त्र जाणणारे पाच-सहा विद्वान तो बारकाईने तपासतात आणि त्यांनी मान डोलावल्याशिवाय बँकेला एक पैसा हलवता येत नाही. अध्यक्ष बदरुद्दीन यांना सगळे उस्ताज, म्हणजे गुरुजी, म्हणत; ते सत्तरी ओलांडलेले होते. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून प्रश्न विचारला की ते समोरच्याच्या ओठांकडे बघत राहायचे.

"डॉक्टर हुमेरा, मला एवढंच सांगा," ते म्हणाले. "धंद्यात तोटा येणार आहे, हे तुमच्या यंत्राला त्या धंदेवाल्याच्या आधी कळतं का?"

हुमेराच्या शेजारी गुंतवणूक विभागाचे प्रमुख इद्रिस बसले होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, पण चहाचा कप ओठांपाशी नेता नेता ते थांबले.

"तो फक्त अंदाज असतो, उस्ताज," हुमेरा म्हणाली.

उस्ताजांनी मान डोलावली. पुढच्या दहा मिनिटांत कराराला मान्यता मिळाली.

शब्द खोटा नव्हता, आणि म्हणूनच तो इतका कामाला आला. यंत्राचा तो 'अंदाज' शंभरातल्या चौऱ्याण्णव वेळा खरा ठरे, आणि तोही पाच महिने आधी. हुमेराला हे पाठ होतं. तिनेच ते यंत्र बनवलं होतं.

*

हुमेरा रत्नागिरीची, राजिवड्याची. वडील मच्छीमार बोटीवर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके होते. बोट बंदराला लागली, मासळी विकली गेली, की डिझेल-बर्फाचा खर्च काढून उरलेल्या पैशांचे वाटे पडायचे: इतके बोटीच्या मालकाचे, इतके जाळ्याचे, तांडेलाचा मोठा, खलाशांचा एकेक. जाळं रिकामं आलं तर खलाशी रिकाम्या हाताने घरी जायचा आणि मालकही. हे सगळं तिला इतकं सवयीचं होतं, की जगात याहून वेगळी काही रीत असेल असं लहानपणी तिच्या मनातही आलं नाही.

पुढे मुंबईत सेन्सरांवर डॉक्टरेट करताना तिने इस्लामी बँकांविषयी वाचायला सुरुवात केली. पैसे उसने देऊन त्यावर ठरलेली वाढ घ्यायची नाही, हे तिला ठाऊक होतंच. त्याऐवजी काय करायचं, तर धंद्यात भागीदार व्हायचं. नफा झाला तर ठरल्याप्रमाणे वाटा घ्यायचा, तोटा झाला तर ज्याने भांडवल घातलं त्याने तो सोसायचा. म्हणजे आपल्या बोटीवरचेच वाटे की, असं तिला वाटलं.

पण बँका ते करत नव्हत्या. त्याचं कारणही अगदी साधं होतं. घरी कपडे शिवणाऱ्या बाईला या महिन्यात खरोखर किती सुटले, हे बँकेला कळणार कसं? ती 'तोटा झाला' म्हणाली तर मोजायला जाणार कोण? म्हणून बँक तिला मशीन विकत घेऊन द्यायची आणि चढ्या किमतीचे हप्ते लावायची. त्याला व्याज म्हणत नसत, पण बाईचा धंदा बसला तरी हप्ता काही थांबत नसे. खरी भागीदारी मिळायची ती मोठ्या कंपन्यांना, कारण त्यांचे हिशेब तपासायला माणसं होती. जकार्ता, कैरो, ढाका, कुठेही जा, बँकांचे मनोरे उंच होत गेले होते आणि त्यांच्या पायथ्याशी बसणाऱ्या बायका तिथेच बसल्या होत्या.

हुमेराने यावर उपाय शोधला तो पदार्थविज्ञानात. माणूस वहीत हवं ते लिहू शकतो, पण एक किलो माल बनवायला ठरावीक उष्णता लागते, ठरावीक पाण्याची वाफ होते, ठरावीक वजन आत येतं आणि बाहेर जातं. वस्तुमान आणि ऊर्जा कुणाच्या सांगण्यावरून वाढत नाहीत की घटत नाहीत. तिने बशीएवढी एक चकती बनवली. ती कामाच्या ओट्याखाली चिकटवायची. तिला डोळा नव्हता, कान नव्हता. ओट्यातून येणारी कंपनं, हवेतली ऊब आणि दमटपणा, विजेच्या तारेतले चढउतार आणि वास, एवढंच ती टिपायची. पहिले तीन महिने ती त्या जागेची ओळख करून घ्यायची. मग रोज संध्याकाळी सांगायची की आज इतका माल झाला, इतका गेला, इतका वाया गेला. चूक व्हायची ती शंभरात तीनची. या यंत्राचं नाव मीझान, म्हणजे तराजू.

आता कुणाला लबाडी करता येणार नव्हती, म्हणून कुणावर संशय घ्यायचंही कारण उरलं नव्हतं. शिरकत बँकेने हुमेराला मलेशियात बोलावून घेतलं. २०३७ साली पहिली चकती बसली ती पूर्व किनाऱ्यावर, तेरेंगानूमधल्या एका कोळीवाड्यात, रोगायाह नावाच्या बाईच्या ओट्याखाली.

*

रोगायाह तेव्हा चोपन्न वर्षांची होती. नवरा समुद्रात बुडून गेलेला, मुलगी सलमिया शाळेत शिक्षिका. रोगायाह करपोक करायची. तारल्यांसारखी छोटी मासळी वाटून, त्यात सागोचं पीठ घालून, हाताने मळून, लांब वळ्या वळून उकळायच्या. तिखट चटणीबरोबर खायच्या. दिवसाला तीस किलो पीठ ती एकटी मळायची.

यंत्र नीट बसवण्यासाठी हुमेरा पाच महिने तिच्या घरी राहिली. पहिल्याच दिवशी रोगायाहने तिला हाक मारली, "नाक, जेवायला चल!" मलय भाषेत 'नाक' म्हणजे बाळ. हुमेरा इतकी हसली की तिला मराठीतला अर्थ सांगावाच लागला. त्यानंतर रोगायाह तिचं नाक ओढूनच हाक मारायची. हुमेरा तिला मकचिक म्हणायची, म्हणजे मावशी.

रोज सकाळी कामाला लागण्याआधी रोगायाह वाकून त्या चकतीला सलाम करायची.

"तिला ऐकू येत नाही, मकचिक."

"मग काय झालं? भागीदार आहे ना? भागीदाराला सलाम नको करायला?"

दुसऱ्या वर्षी वाऱ्याचे दिवस लांबले. समुद्र चार महिने बंद राहिला, मासळी मिळेना. एरवी अशा वेळी गावातल्या बायका सोनं विकून हप्ते भरायच्या. या वेळी मीझानने तोटा मोजला आणि बँकेने आपल्या वाट्याचा तोटा सोसला. रोगायाह तो कागद घेऊन गावभर फिरली. "मी बुडाले तर बँकही माझ्याबरोबर बुडाली बघा," ती प्रत्येकीला सांगायची. ते ऐकून वर्षभरात त्या किनाऱ्यावर चार हजार चकत्या बसल्या. मग देशभर, मग इंडोनेशियात. चौथ्या वर्षी ऐंशी हजार झाल्या.

*

आणि त्या ऐंशी हजार ओट्यांच्या नोंदी चाळताना हुमेराला ती गोष्ट सापडली.

प्रत्येक हाताची एक लय असते. मळण्याची, वळण्याची, हातोडा मारण्याची. मीझानला ती लय ओट्याच्या कंपनांतून कळायची. ही लय बिघडू लागली की पाच-सहा महिन्यांनी धंद्याला उतार लागायचा, आणि हे जवळजवळ दर वेळी घडायचं. कुणाचं दुखणं सुरू झालेलं असायचं, कुणाच्या घरात मारहाण, कुणी नुसतंच थकलेलं. त्या माणसाला अजून काही जाणवलेलं नसायचं, पण ओट्याला कळलेलं असायचं.

इद्रिसांनी हे शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तिसावं कलम."

प्रत्येक करारात ते कलम होतं. कुणाही भागीदाराला तीस दिवसांची सूचना देऊन बाहेर पडता येईल, आणि दुसऱ्याने त्याचा हिस्सा त्या दिवसाच्या किमतीने विकत घ्यावा. हे कलम खरं तर लहान माणसांसाठी घातलं होतं, धंदा वाढला तर त्यांना बँकेपासून मोकळं होता यावं म्हणून. आता बँक त्याच दाराने बाहेर पडणार होती. नफ्याच्या वर्षांत भागीदार राहायचं आणि तोटा दिसू लागला की हिस्सा त्याच बाईला विकून मोकळं व्हायचं.

हुमेराने हरकत घेतली नाही असं नाही. "निदान त्यांना कळवू या," ती म्हणाली.

"काय कळवणार? तुम्ही आजारी पडणार आहात म्हणून? आपण डॉक्टर आहोत का? आणि चुकलो तर?" इद्रिस समजावणीच्या सुरात म्हणाले. "हे बघा, पैसा ठेवणारे लोक आखातातले आहेत, इथल्या मनोऱ्यांतले आहेत. परतावा घसरला की ते दुसरीकडे जातील आणि सगळी योजनाच बंद पडेल. ऐंशी हजार घरांसाठी हजार-दीड हजार घरांची झळ. तुम्हीच विचार करा."

तिने विचार केला. त्याच महिन्यात तिला तंत्रविभागाची प्रमुख करण्यात आलं होतं आणि एकतिसाव्या मजल्यावरच्या फ्लॅटचा ताबा मिळाला होता. आपण जे करतोय ते ऐंशी हजारांसाठी, असं तिने स्वतःला सांगितलं आणि त्यावर विश्वासही ठेवला. जूनमध्ये मंडळापुढे तिने तो एक शब्द उच्चारला. जुलैमध्ये पहिली यादी तिच्या सहीसाठी आली.

एक हजार तीनशे चाळीस करार होते. नावं नव्हती, फक्त क्रमांक. शेवटच्या रकान्यात कारण. दोनशे बारा क्रमांकांपुढे एकच शब्द होता: हात. नावं बघायला एक कळ दाबावी लागायची.

हुमेराने ती कळ दाबली नाही. खाली सही केली.

*

ऑक्टोबरमधल्या एका दुपारी तिचा फोन वाजला. पलीकडे रोगायाह होती. बरेच महिने दोघींचं बोलणं झालं नव्हतं.

"नाक, कामात आहेस का? मग नंतर करते."

"नाही मकचिक, बोला ना."

मग रोगायाह अगदी खालच्या आवाजात बोलू लागली, शेजारच्या घरात ऐकू जाईल अशी भीती असल्यासारखी.

"ऑगस्टमध्ये बँकेचं पत्र आलं. हिस्सा काढून घेतो म्हणून. मी पैसे भरले हं, बांगड्या होत्या त्या दिल्या. त्याचं काही नाही. पण मी रोज विचार करते, माझं काय चुकलं? मी कधी पिठात कमी-जास्त केलं नाही. एकदा सलमियाच्या शाळेला दहा किलो फुकट दिलं होतं, ते मी सांगितलं नव्हतं. त्यावरून बँकेला वाटलं का, की मी चोरी करते? तू जरा यंत्रात बघशील? असेल काही तर सांग. मी भरून देईन. गावात लोक विचारतात, बँकेने तुलाच का काढलं, आणि मला मान वर करता येत नाही गं."

हुमेराच्या तोंडून कसंबसं निघालं, "बघते."

फोन ठेवून तिने यादी उघडली आणि ती कळ दाबली. सहाशे सातवा क्रमांक. रोगायाह बिंती मामत. कारण: हात.

मग तिने नोंदी काढल्या. चार वर्षं ती लय घड्याळासारखी एकसारखी चालली होती. चौदा मार्चच्या सकाळी उजव्या हाताच्या दाबात एक बारीकशी थरथर उमटली होती, सेकंदाला पाच वेळा. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा होती, मग रोज. अशी थरथर कशाची असते हे सांगायला डॉक्टरची गरज नव्हती. कंपवाताची ती सुरुवात होती. मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत सात महिने यंत्राला ते ठाऊक होतं, जुलैपासून बँकेलाही ठाऊक होतं. जिचा हात होता ती बाई मात्र आपण चोर ठरलो म्हणून गावात खाली मान घालून फिरत होती.

हुमेराने खुर्ची मागे सरकवली. काचेपलीकडे तिच्या हाताखालची माणसं काम करत होती. त्यांच्यातलं कुणी वर बघेल आणि आपला चेहरा त्यांना दिसेल, या विचाराने ती उठून पाठमोरी उभी राहिली.

*

दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर ती उस्ताज बदरुद्दीनांच्या घरी गेली. त्यांच्यासमोर बसून तिने सगळं सांगितलं. चौऱ्याण्णव टक्के, पाच महिने, तिसावं कलम, यादी. या वेळी ती सावकाश बोलली, ओठ नीट दिसतील अशी.

उस्ताजांनी शेवटपर्यंत तिच्या ओठांवरची नजर काढली नाही.

"त्या बाईला सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग आधी इकडे का आलात?"

हुमेरा खाली सतरंजीकडे बघू लागली.

"मी सांगतो," उस्ताज म्हणाले. "माझ्यापुढे कबूल करणं सोपं आहे. मी निर्णय देईन, कागद निघेल, आणि तो कागद तुमच्या आधी तिच्याकडे पोचेल. तुम्हाला तिच्या डोळ्यांत बघावं लागणार नाही."

"हो," हुमेरा म्हणाली.

उस्ताजांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने ते तो पुसत राहिले. "मी काही तुमच्याहून बरा नाही. तुम्ही 'अंदाज' म्हणालात आणि मला हायसं वाटलं. पुढचा प्रश्न मला विचारता आला असता, किती वेळा खरा ठरतो म्हणून. मी विचारला नाही. ही योजना आपल्या हातून मोडू नये असं मलाही वाटत होतं. वर्तमानपत्रात फोटो आले होते ना आपले." त्यांनी चष्मा परत लावला. "जा. आज जा. मंडळाचं मी बघतो."

*

कोळीवाड्यात ती पोचली तेव्हा ऊन उतरू लागलं होतं. रोगायाह ओट्याशी होती आणि सलमिया शाळेतून येऊन वळ्या उकळत होती. हुमेराला बघताच रोगायाह पिठाच्या हातांनी पुढे आली. मग बँकेचं माणूस म्हणून आपण हिला सामोरं जावं की कसं, अशी थबकली.

हुमेराने चपला काढल्या, ती जमिनीवर बसली आणि सांगायला लागली. मध्ये थांबली तर पुढे बोलता येणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

सगळं ऐकून रोगायाहने आधी एकच विचारलं, "म्हणजे मी चोरी केली असं कुणाला वाटलं नव्हतं?"

"नाही, मकचिक. तुमचं काहीच चुकलं नव्हतं. कधीच."

"अल्हम्दुलिल्लाह," देवाचे आभार मानत रोगायाह पुटपुटली. तिच्या चेहऱ्यावर खरोखरचा आनंद पसरला आणि तो बघणं हुमेराला सहन होईना. तिने नजर खाली वळवली.

मग रोगायाहने उजवा हात डोळ्यांसमोर धरला. आता थरथर नुसत्या डोळ्यांनाही दिसत होती.

"हे वयाचं नव्हे?"

"नाही."

"कधीपासून म्हणालीस?"

"चौदा मार्च."

रोगायाहने बोटं मिटली, उघडली. ती हिशेब करत असावी. मार्चमध्ये तिने काय केलं, रमजानमध्ये काय केलं, कोणत्या दिवशी हातातून पातेलं निसटलं.

"माझा हात आजारी आहे," ती सावकाश म्हणाली. "ते तू बँकेला सांगितलंस. आणि मला नाही."

"यादीत नावं नव्हती, मकचिक. मी..."

"बघता आली असती?"

"हो."

सलमियाने गॅस बंद केला. ती ओट्यापाशी आली, खाली वाकली आणि उलथन्याचं टोक घालून तिने ती चकती उपटून काढली. पीठ लागलेली चकती तिने हुमेराच्या पुढ्यात ठेवली.

"पुआन, तुमची गाडी थांबली असेल," ती म्हणाली. पुआन म्हणजे बाईसाहेब. या घरात हुमेराला तसं कुणी कधी म्हटलं नव्हतं.

हुमेराने रोगायाहकडे पाहिलं. ती पाठ करून पुन्हा पीठ मळायला लागली होती, डाव्या हाताने.

*

मंडळाचा निर्णय सहा आठवड्यांनी आला. तोटा येणार हे आधी कळलेल्या भागीदाराने ते लपवून बाहेर पडणं म्हणजे फसवणूक, म्हणून ते एक हजार तीनशे चाळीस करार कधी तुटलेच नाहीत असं मानावं. बँकेने घेतलेले पैसे परत करावेत, तोट्यातला आपला वाटा सोसावा. आणि माणसाच्या शरीराविषयी यंत्राला जे कळेल ते आधी त्या माणसाला सांगावं. खाली उस्ताज बदरुद्दीनांनी आपल्या चुकीचा एक परिच्छेद स्वतःच्या हाताने लिहून जोडला होता आणि राजीनामाही दिला होता.

बँकेने निर्णय अक्षरशः पाळला. पैसे परत गेले, रोगायाहला बांगड्यांची किंमत मिळाली. पुढच्याच आठवड्यात बँकेने जाहीर केलं, की इतका धोका पत्करून लहान धंद्यांत नवी भागीदारी करणं यापुढे परवडणार नाही. ज्यांना हवं असेल त्यांना यंत्रसामग्री हप्त्यांनी मिळेल. मोठ्या कंपन्यांच्या भागीदाऱ्या होत्या तशा चालू राहिल्या. इद्रिस दुसऱ्या बँकेत गेले. हुमेराला काढून टाकण्यात आलं आणि तिने फ्लॅट विकायला काढला.

तिच्याविषयी वर्तमानपत्रांत बरंच छापून आलं. काहींनी तिला गुन्हेगार ठरवलं आणि काहींनी धाडसी. धाडसी हा शब्द वाचला की तिला अंगावर कुणाचे तरी चोरीचे कपडे घातल्यासारखं वाटायचं. पत्रंही आली. जावामधल्या एका टोपल्या विणणाऱ्या बाईने कुणाकडून तरी लिहून घेऊन पाठवलं होतं: माझं नाव पुढच्या तुकडीत होतं, चकती बसायची होती, आता बसणार नाही. खरं बोलून तुमचा जीव हलका झाला असेल, आमचं काय?

जीव हलका झालेला नव्हता. पण ते त्या बाईला कळवण्यात काही अर्थ नव्हता.

*

डिसेंबरच्या शेवटी सलमियाचा फोन आला. आवाज कोरडा होता. आईला क्वाला तेरेंगानूच्या इस्पितळात नेलंय. मेंदूतल्या पेशींचं मरणं थोपवणारं नवं औषध आहे, पण दुखणं कधी सुरू झालं ते नेमकं कळल्याशिवाय मात्रा ठरवता येत नाही. नुसत्या तोंडी तारखेवर डॉक्टर विश्वास ठेवणार नाहीत, नोंदी लागतील. "ती म्हणाली, हुमेराला बोलाव. मी नको म्हणाले होते."

हुमेरा ऑक्टोबरमध्ये काढून ठेवलेले नोंदींचे कागद घेऊन गेली. तपासणीच्या खोलीत जागा नव्हती, म्हणून डॉक्टर कमारियांनी बाहेरच्या लांब बाकांच्या दालनातच टेबल मांडलं होतं. रांगेत पंधरा-वीस माणसं बसली होती, त्यातली निम्मी त्याच किनाऱ्यावरची. मीझानवालीला बऱ्याच जणांनी ओळखलं. कुजबूज झाली.

रोगायाह डॉक्टरांसमोर बसली होती. सलमिया मागे उभी. रोगायाहने हुमेराकडे एकदा पाहिलं आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे हनुवटीने खूण केली.

डॉक्टर तरुण होत्या, घाईत होत्या. त्यांना मागचं काही माहीत नव्हतं. त्यांनी कागद चाळले, भुवया उंचावल्या.

"चौदा मार्च? इतकं नेमकं? हे तर नऊ महिन्यांपूर्वीचं आहे." त्यांनी पेन खाली ठेवलं. "मार्चमध्ये, निदान एप्रिलमध्ये आला असतात, तर दोन्ही हात वाचवता आले असते. आता उजव्याचं काही सांगता येत नाही. डाव्यासाठी प्रयत्न करू." मग त्या रोगायाहकडे वळल्या आणि जरा रागानेच म्हणाल्या, "मावशी, हे इतकं लवकर कळलं होतं, तर तुम्ही आला का नाहीत? तुम्ही लोक दुखणं अंगावर का काढता?"

रोगायाहने उजवा हात डाव्या हाताखाली झाकून घेतला. रांगेतल्या माणसांसमोर बोलणी खावी लागली म्हणून तिची मान खाली गेली.

"त्यांना माहीत नव्हतं," हुमेरा म्हणाली.

"मग हे कुणाला माहीत होतं?"

"यंत्राला," हुमेराच्या तोंडून निघालं. ते ऐकून सलमिया मागून हसल्यासारखं काहीतरी करून थांबली. हुमेरा उभी राहिली. बाकांवरचे सगळे चेहरे तिच्याकडे वळले होते.

"यंत्राला नाही," ती म्हणाली, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "मला. मला माहीत होऊ शकत होतं आणि मी बघितलं नाही. बघितलं असतं तर सांगावं लागलं असतं. यांची काही चूक नाही. माझी आहे."

डॉक्टरांनी तिच्याकडे, मग रोगायाहकडे पाहिलं.

रोगायाहने मान वर केली. ती हुमेराकडे वळली नाही, तिने तिचा हातही धरला नाही. टेबलावरचा कागद तिने डाव्या हाताने डॉक्टरांच्या पुढे सरकवला.

"लिहा," ती म्हणाली. "चौदा मार्च."